तेरा इंचांचं तुमचंच खरं होतं, वन्सं

वन्सं, तेरा इंचांचाच घेतला ते बरं झालं. हे मी आज कबूल करते. तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले, आणि मी तुमच्या भावाशेजारी सोफ्यावर तुमचा तो ई-रीडर मांडीवर घेऊन बसले आहे. तुम्ही असता तर हे कबूल करायला मला आणखी दोन वर्षं लागली असती, आणि तुम्ही ती दोन वर्षं रोज संध्याकाळी सातला फोन करून मला आठवण करून दिली असती.

लोक येतात, बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. शिस्तीच्या होत्या म्हणतात, साताऱ्यात अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलं म्हणतात. सगळं खरं आहे. पण मला ती शिस्तीची बाई आठवतच नाही. मला आठवते ती शिरवळला एका परक्या माणसाच्या दिवाणखान्यात "आगं, अख्खं पान!" म्हणून ओरडलेली बाई. माझं दुःख त्या ओरडण्यापाशी आलं की त्याला हसू फुटतं. काय करू?

सुरुवात कुठून झाली ते तुमच्या भावालाही नीट ठाऊक नाही. मागच्या दिवाळीनंतर मी साताऱ्याला तुमच्याकडे दोन दिवस राहायला आले होते. तुम्ही गॅलरीत खुर्चीवर दिवाळी अंक घेऊन बसला होता. मी चहा ठेवला, मेथी निवडली, कणीक मळली, परत आले तर तेच पान. पोळ्या झाल्या, तरी तेच पान. मी कुपवाडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पंपाचे पार्ट तपासते. जी गोष्ट हलायला पाहिजे ती हलली नाही की माझ्या लगेच लक्षात येतं.

"वन्सं, तुम्ही वाचत नाही का?"

"वाचते की."

मग तुम्हीच अंक मिटलात. मिटतानाही दोन्ही तळहातांनी मिटलात, बोटं लावली नाहीत.

"नाही गं. वर्ष झालं. जाड पुस्तक बोटांना धरवत नाही आणि बारीक अक्षर डोळ्यांना. मोबाइलवर बघायला गेलं की पाच मिनिटांत पाणी येतं."

"मग हे हातात कशाला?"

"हातात पुस्तक नसलं की लोक विचारतात, बरं नाही का म्हणून. म्हणून धरते."

त्या दिवशी सांगलीच्या गाडीत मी पेठ नाक्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. ज्या बाईनं जन्मभर वाचण्यापलीकडे दुसरी हौस केली नाही, ती वर्षभर पुस्तक नुसतं धरून बसत होती आणि आम्हाला कुणाला कळलं नव्हतं.

मग महिनाभरात ते घडलं. आमच्याकडे माल तपासायला एक साहेब आले, त्यांच्या हातात पाटीसारखं काहीतरी होतं. त्यावर आमचं ड्रॉइंग, कागदावर छापल्यासारखं. वर ट्यूबलाइट होती, पण पडद्यावर चकाकी म्हणून नाही. मी पार्ट सोडून ती पाटीच तपासायला लागले. साहेब म्हणाले, "मॅडम, याला ई-रीडर म्हणतात. शाईचाच पडदा असतो. डोळ्यांत उजेड मारत नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "जोडाक्षरं फुटत नाहीत ना?"

तिथून आपल्या दोघींना वेड लागलं. दुसरा शब्द नाही त्याला. रोज सातला फोन. तुम्ही शंभर पानी वही केलीत आणि तीत प्रश्न लिहून ठेवायला लागलात. पान उलटताना पडदा काळा का होतो? त्यावर पेननं लिहिलं तर पुसता येतं का? आतून दिवा असलेला बरा की नसलेला? मी इंटरनेटवरचे व्हिडिओ बघायची. ते बोलणारे लोक इतके भराभर बोलायचे, की मी थांबवून थांबवून मागं घेऊन ऐकायची. तुमचा भाऊ म्हणायचा, "लेकीच्या लग्नाला स्थळं बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस."

किमतीवर तुम्ही बोलू दिलं नाहीत. "माझी पेन्शन, माझे डोळे" म्हणालात, आणि तो विषय संपला.

खरं भांडण मापावरून झालं. लहान, हातात मावणारे मी पहिल्याच आठवड्यात बाद केले, कारण तुम्हाला वाचायची होती ती स्त्रियांच्या जुन्या मासिकाची पानं. कुणीतरी पुण्याईनं ते अंक स्कॅन करून इंटरनेटवर ठेवले होते. मोठं पान, दोन रकाने, बारीक टाइप. स्कॅन म्हणजे पानाचा फोटोच. त्यातलं अक्षर मोठं करायला गेलं की पानच पडद्याबाहेर पळतं, आणि मग ओळ वाचायला डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. म्हणून मोठा पडदा. पण मोठा म्हणजे केवढा? बाजारात दहा इंचांचे होते आणि तेरा इंचांचे होते. मी म्हणत होते दहा, कारण हलका आणि आतून दिवा असलेला. तुम्ही म्हणत होता तेरा.

"तुमची मनगटं सुजतील, वन्सं."

"सुजू देत. पान अख्खं दिसलं पाहिजे. मी सातवीच्या पोरांना हेच सांगत आले. आधी पान बघा, मग वाचा."

तोंडी काही ठरेना तेव्हा मी माझ्या पद्धतीवर गेले. आमच्या कारखान्यात तानाजी आहे, मशीनवर. त्याला मी दोन मापं दिली आणि तीन एमएमच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून दोन पाट्या कापायला सांगितल्या.

"ताई, ह्ये कुठल्या पंपाचं म्हणायचं?" तानाजीनं विचारलं.

"पंपाचं नाही. माझ्या नणंदेच्या पुस्तकाचं."

"पुस्तकाला ॲल्युमिनियम?" तो मशीन बंद करून बघत राहिला. मग म्हणाला, "करतो. कडा घासून देतो, म्हातारीच्या बोटाला लागाय नको."

म्हातारी म्हणाला, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगते.

खऱ्या ई-रीडरच्या वजनाशी जुळतात का बघायला दोन्ही पाट्या मी वजनकाट्यावर ठेवल्या. मोठी बरोबर भरली, लहान थोडी कमी भरली, म्हणून तिला मागून पट्टी चिकटवली. वर मासिकाच्या पानाची त्या त्या मापाची प्रिंट लावली. असं ते सगळं पिशवीत घालून मी एसटीनं साताऱ्याला आले. तुम्ही दार उघडलंत, पिशवीत डोकावलात आणि म्हणालात, "पहिलीत घालतेस का काय मला?"

एक एक तास धरून बघायचं ठरलं. लहान पाटी तुम्ही सहज धरलीत. मोठी धरल्यावर वीस मिनिटांनी ती हळूच मांडीवर आली. मी घड्याळ बघून कागदावर लिहिलं.

"लिहू नकोस ते."

"का? तपासणी आहे ही."

"माझी तपासणी करायला आलीस?"

"तुमच्यासाठीच करते आहे ना?"

"माझ्यासाठी करतेस, पण मला विचारून करत नाहीस!"

त्यावर मीही काहीतरी टोचून बोलले. काय बोलले ते लिहिणार नाही, तुम्हाला आठवत असेल. मी पाट्या पिशवीत घातल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. चार दिवस सातला फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी वाजला. तुम्ही नुसतं एवढंच म्हणालात, "पत्र्यावर भांडून काय उपयोग? खरा कुणाकडे बघायला मिळेल का?"

तानाजीनंच शोधून काढलं. त्याच्या मेव्हण्याच्या कंपनीत, शिरवळला, कदम नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्याकडे तेरा इंची होता आणि त्यांच्या बायकोकडे दहा इंची. एकाच घरात दोन्ही! मी तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "रविवारी जायचं. मी इरकल नेसणार."

खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तुम्ही पर्समधला पेन ड्राइव्ह तीन वेळा चाचपून बघितलात. मासिकाचे अंक त्यात होते. कदमांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. मी म्हटलं, दम खाऊ. तुम्ही माझ्या आधी वर पोचला होता.

कदमांनी आधी लहान दिला. पानाचा समास कापून, अक्षर गडद करून दिलं. तुम्ही वाचलंत. "वाचता येतंय," म्हणालात. पेपर तपासताना पस्तीस मार्क द्यावेत तशा आवाजात. मला वाटलं, झालं, जिंकले.

मग त्यांनी मोठा दिला.

तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, परत घातलात. आणि एकदम इतक्या मोठ्यानं ओरडलात की कदमांची बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"आगं, अख्खं पान! मंगल, अख्खं पान दिसतंया! ह्यी बघ, खाली केसाच्या तेलाची जाहिरात हाय, ती बी वाचता येतीया!"

तीस वर्षं शाळेत शुद्ध बोललेली बाई, पण आनंद झाला की तुमचं आटपाडीचं माहेर तोंडातून बाहेर यायचं. तुम्ही ती जाहिरात आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलीत. मग शिकेकाईची वाचलीत. मग लोणच्याची कृती. मग वाचकांची पत्रं. कदम बिचारे उभेच. चहा गार झाला, त्यांच्या बायकोनं दुसरा केला, तोही गार झाला. पान उलटताना पडदा क्षणभर काळा झाला तर तुम्ही म्हणालात, "डोळा मिचकवतंय बघ, लबाड."

मी मात्र तुमच्या हातांकडे बघत होते. अर्ध्या तासात बोटं वाकडी व्हायला लागली होती. मी हळूच म्हटलं, "वन्सं, आणि हात?"

तुम्ही थांबलात. चेहरा पडला. मला माझाच राग आला. मग तुमची नजर खोलीभर फिरली आणि देवघरापाशी थांबली. तिथं लाकडी ठवणीवर पोथी उघडी होती.

"वहिनी, ती ठवणी जरा देता का?"

कदमांच्या बायकोनं पोथी नमस्कार करून उचलली, ठवणी पुसून आणून टेबलावर ठेवली. तुम्ही तिच्यावर तो तेरा इंची उभा केलात. पडदा बरोबर डोळ्यांसमोर, हात मांडीवर मोकळे. पान उलटायला एका बोटाचा स्पर्श पुरे.

"मंगल, धरायचंच कशाला गं हातात?"

वन्सं, मी जन्मभर मापं घेत आले. वजन केलं, पत्रे कापले, घड्याळ लावलं, इतके व्हिडिओ बघितले. पण धरायलाच नको, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिथंच हसायला लागले, आणि तुम्हीही. परत येताना घाट उतरेपर्यंत आपण हसत होतो. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, लग्नाहून आलायसा व्हय?" तुम्ही म्हणालात, "ठरवून आलोय."

दिवा नसलेला, तेरा इंची, असा मागवला. आला तेव्हा मी रजा टाकून साताऱ्याला होते. खोक्यावरची चिकटपट्टी तुम्ही मला कापू दिली नाहीत, स्वतः वाकड्या बोटांनी अर्धा तास लावून सोडवलीत. पहिल्याच दिवशी त्याच्या आतल्या अक्षरात "शक्ती"चा क आणि त वेगवेगळे पडले. तुम्ही असा चेहरा केलात की जणू एखाद्या पोरानं फळ्यावर चुकीचं लिहिलंय. कदमांनी फोनवरून अक्षराचं दुसरं वळण, म्हणजे दुसरा फॉन्ट, घालायला शिकवलं आणि शक्ती परत आली. गॅलरीतल्या उजेडात ठवणी मांडली गेली. खुर्ची, टेबल, तुम्ही.

पुढचे सात महिने! सातचा फोन आता मला उचलायलाही वेळ देत नव्हता, तुम्ही आधीच बोलत असायचात. बंद पडलेली बाई परत सुरू झाली होती. त्याच्यासोबत आलेल्या पेनानं लिहायला जोर लावावा लागत नाही म्हणून तुम्ही समासात लिहायलाही लागलात. लेखकांच्या चुका काढायचात. मेलेल्या लेखकांशी भांडायचात. मी ऐकायची, "हो का" म्हणायची.

आता ते सांगते जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

वन्सं, मी वाचत नाही. लग्न झाल्यापासून दर भाऊबीजेला तुम्ही मला पुस्तक दिलंत, बत्तीस दिलीत. सगळ्यांना मी कव्हरं घातली, सगळी कपाटात ओळीनं आहेत, आणि एकही पुरं वाचलेलं नाही. तुम्ही विचारायचात, काय आवडलं? मी म्हणायची, "शेवट." दर वर्षी शेवट. तुम्ही खूश व्हायचात. की तुम्हाला कळत होतं? शिक्षकाला कळतंच म्हणा. कळून बत्तीस वर्षं देत राहिलात, तर मग तुमच्यासमोर मी काय बोलू?

शेवटच्या फोनला तुम्ही त्या मासिकातल्या कादंबरीबद्दल बोलत होता. दर अंकात एक भाग. लेखिकेचं नाव कुणाला आठवत नाही म्हणालात. मी मध्येच माझं जुनं पुराण काढलं, सांगलीला राहायला या म्हणून. तुम्ही रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं तेच. खोली रिकामी आहे, विश्रामबागेत दवाखाना जवळ आहे, एकटं किती दिवस राहायचं. आणि तुम्ही नेहमीसारखं उडवून लावलंत.

"ते राहू दे. आठवा भाग वाच, मी पाठवलाय. त्यातली भावजय बघ, आणि मला फोन कर."

"वाचते," मी म्हटलं. वाचला नाही. न वाचता फोन कसा करू म्हणून केलाही नाही, आणि तुम्ही माझ्या फोनची वाट बघत राहिलात. चार दिवसांनी तुमच्या शेजारणीचा फोन आला.

काल तुमच्या सामानातून तो ई-रीडर आमच्या घरी आला. आज सकाळी तो उघडला, तर तुम्ही सोडलेलं पानच समोर आलं. आठवा भाग. ठवणी नव्हती, म्हणून मांडीवर घेतला. तुम्ही म्हटलं होतं वाच, म्हणून वाचायला लागले.

मथुरा नावाची विधवा, तालुक्याच्या गावी शिवणाचा वर्ग चालवते. भाऊ दुसऱ्या गावी. भावाची बायको गोदा, तोंडाची तिखट, घरात सगळं मोजून मापून करणारी, नणंदेला सतत पत्रं पाठवते, आमच्याकडे ये म्हणून. पत्रात गोड शब्द एक नाही. "कपाट रिकामं केलं आहे. पलंगाचं माप घेतलं आहे." एवढंच. त्या ओळीखाली तुमची रेघ होती, आणि समासात तुमच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "मंगल!"

मी चिडले. खरंच चिडले. मी अशी? ही बाई सुनेला साखर मोजून देते! मनात तुमच्याशी भांडता भांडता मी पान उलटलं, मग आणखी उलटलं, आणि कधी नववा भाग लागला ते समजलं नाही. थोड्या वेळानं लक्षात आलं, इथं रेघ नाही, समास कोरे आहेत. इथवर तुम्ही आला नव्हता.

म्हणून सांगते, वन्सं. नवव्या भागात मथुरेचं उत्तर येतं, नाही म्हणून. गोदा पत्र वाचते, घडी घालते. पोळ्या उरकते. मग नवऱ्याला म्हणते, माझी ट्रंक खाली काढा. आणि एकटी गाडीत बसून निघते, नणंदेच्या दारात ट्रंक घेऊन उभी राहते. मथुरा विचारते, अगं, हे काय? ती म्हणते, "तू येत नाहीस, तर मी आले." आणि आत जाऊन मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवायला घेते.

अकरा वर्षं मी तुम्हाला सांगलीला बोलावलं. आपण साताऱ्याला जाऊन राहावं, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी सोफ्यावरून उठून उभी राहिले आणि ओरडले, "गेली! ती गेली!"

तुमचा भाऊ दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण लावलेला, तसाच धावत बाहेर आला. चेहरा पांढराफटक. "कोण? कोण गेली?"

"गोदा! नणंदेकडे गेली राहायला! ट्रंक घेऊन!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या पडद्याकडे बघितलं, मी मागचं पान काढून समासातलं तुमचं अक्षर दाखवलं, आणि ते सावकाश सोफ्यावर बसले. अठरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"कोण गोदा? पहिल्यापासून सांग."

सांगता मला येत नाही, वन्सं. म्हणून मी मागं गेले, पहिला भाग लावला, आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. अडखळत होते. त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला, तरी ते उठले नाहीत.